स्नेहाची पंगत आणि सेवेचा हिशेब



मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत शहरोशहरी सेवामंडळांची स्नेहसंमेलने भरतात. रोटरी असो वा लायन्स, सभासद सहकुटुंब जमतात. मुलांच्या शर्यती होतात, गाणीबजावणी होते, पंगती उठतात. हा थाट पाहून पुष्कळांच्या मनात शंका येते की, सेवेचे व्रत घेतलेल्यांनी एवढा वेळ आणि पैसा खाण्यापिण्यात का वेचावा? शंका रास्त आहे. तिच्या निरसनासाठी या मंडळांच्या उगमाकडेच वळले पाहिजे.

अमेरिकेतील शिकागो शहरी २३ फेब्रुवारी १९०५ रोजी, ऐन हिवाळ्यात, चार गृहस्थ एका कचेरीत जमले. पॉल हॅरिस हे वकील, सिल्व्हेस्टर शील कोळशाचे व्यापारी, गुस्ताव्हस लोहर खाणींचे अभियंता आणि हायरम शोरी शिवणकामाचे व्यावसायिक. हॅरिस यांचे बालपण व्हरमाँट राज्यातील वॉलिंगफर्ड या लहानशा गावी आजी-आजोबांच्या छायेत गेले होते. जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, अशा गावातून आलेल्या माणसाला लाखोंच्या शहरातील एकाकीपण जाचू लागले. त्या एकाकीपणातून हे मंडळ जन्मले. सभा पाळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरे, म्हणून त्यास 'रोटरी' हे नाव पडले.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. आरंभी या मंडळाचे हेतू दोनच होते : परस्परांशी स्नेह आणि परस्परांच्या धंद्यास साह्य. १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलास सभासदत्व देऊ केले, तेव्हा त्यांनी ते नाकारले. जे मंडळ केवळ आपल्याच सभासदांचे हित पाहते, त्यास भवितव्य नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. तो अभिप्राय मंडळींनी मानला. नगराचे हित हा तिसरा हेतू नियमांत दाखल झाला आणि कार्टर सभासद झाले. पुढे मंडळाने शिकागोत सार्वजनिक शौचालय उभारण्याचा प्रश्न हाती घेतला. जगभर पसरलेल्या या संस्थेचे पहिले लोककार्य इतके साधे, परंतु इतके निकडीचे होते. तात्पर्य, स्नेह आधी आला, सेवा मागाहून आली. आणि त्या दोहोंची सांगड एका स्पष्टवक्त्याच्या नकाराने घातली.

तथापि त्या पंगतीत एक उणीव उरलीच. तेथे स्त्रियांना पाट नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडातील रोटरी सभासदांच्या पत्नींनी पतींच्या बरोबरीने सेवाकार्य केले. परंतु त्या सभासद नव्हत्या. अखेर परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या मार्गारेट गोल्डिंग यांच्या पुढाकाराने १० जानेवारी १९२४ रोजी, तेही थंडीच्याच दिवसांत, मँचेस्टर येथे 'इनर व्हील' हे स्त्रियांचे स्वतंत्र मंडळ रीतसर स्थापन झाले. खुद्द रोटरीचे दार उघडण्यास मात्र फार विलंब लागला. १९७७ साली कॅलिफोर्नियातील दुआर्ते येथील मंडळाने तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, तेव्हा त्या मंडळाची मान्यताच काढून घेण्यात आली. वाद न्यायालयात गेला. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निर्णय दिला आणि १९८९ साली संस्थेने आपला नियम बदलला. २०२२ साली जेनिफर जोन्स या पहिल्या स्त्री जागतिक अध्यक्षा झाल्या. राबताना जे हात चालतात, ते निर्णयाच्या वेळी बाहेर ठेवणे कोणत्याही मंडळास शोभत नाही. हा बोध केवळ परदेशीयांनीच घ्यावा असे नाही.

स्नेहाचे बळ काय करू शकते, याचे उदाहरण आपल्या देशातच घडले. १९८५ साली रोटरीने पोलिओ निर्मूलनाचा जागतिक संकल्प सोडला. शासन, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि असंख्य स्वयंसेवक यांच्या परिश्रमांनी भारतातील या रोगाचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला. २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला.

गोमंतकीयांच्या घरचाही दाखला आहे. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेल्या दि गोवा हिंदु असोसिएशनने 'रायगडाला जेव्हा जाग येते' यासारखी नाटके रंगभूमीवर आणली. रसिक करमणुकीसाठी जमले. त्याच संस्थेने बांदिवडे येथे वृद्धांसाठी 'स्नेहमंदिर' हा आश्रय उभा केला. करमणूक आणि करुणा एका छपराखाली सुखाने नांदू शकतात, हे तिने दाखवून दिले.

म्हणून स्नेहसंमेलनास नावे ठेवण्याचे कारण नाही; त्यास शिस्त लावण्याचे मात्र आहे. या मंडळांचे वर्ष १ जुलै रोजी सुरू होते. अर्थात हिवाळी संमेलन बरोबर वर्षाच्या मध्यावर येते. पाने वाढण्यापूर्वी दोन गोष्टी व्हाव्यात. जुलैमध्ये केलेल्या संकल्पांपैकी किती पार पडले, याचा हिशेब सर्वांसमक्ष वाचावा. आणि वर्षभर जे राबले, परंतु ज्यांना पंगतीचे आमंत्रण गेले नाही, अशांची नावे काढून त्यांना सन्मानाने बोलवावे. एवढे झाले, तर जेवणाचा खर्च कोणासही खुपणार नाही. एवढे झाले नाही, तर उष्टी पाने उचलली जाताच संमेलनही संपले असे समजावे.

इत्यलम्.