विद्येची देवघेव

यवतमाळच्या शारदाश्रमाचे डॉ. य. खु. देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाचा व्यासंग केला. त्या काळी पोथीसाठी मठ गाठावा लागे, शंकेसाठी पत्र लिहावे लागे. २००८ साली दोन डॉक्टर व एक संगणकतज्ज्ञ यांनी ‘रिसर्चगेट’ हे संकेतस्थळ काढले. तेथे संशोधक आपला निबंध ठेवतो, दुसऱ्याचा मागतो, अडलेले विचारतो. खेड्यातील महाविद्यालयाचे ग्रंथालय तोकडे, जाणकार दूर. म्हणूनच तो तिकडे वळतो. आपले लेखन कोणी वाचले, हे कळल्याचे समाधानही असतेच. मात्र प्रकाशकाच्या हक्काचा निबंध परवानगीवाचून ठेवू नये, आणि वाचकसंख्येस विद्वत्ता समजू नये. आपल्या ज्ञातीतील संशोधक मुलामुलींना, विशेषतः सुनांना, घरच्यांनी याकरिता निवांत वेळ द्यावा, एवढीच विनंती.