काळा पडदा आणि छोटी चित्रं



आपल्या संगणक कक्षातला काळा पडदा आठवतो? त्यावर डॉसच्या आज्ञा टाइप करायच्या. एक अक्षर चुकलं की ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’. मला आज्ञा पाठ होत्या, म्हणून मी मिरवायचो. आपली एक मैत्रीण चुकली तेव्हा मी मोठ्याने हसलो. तिने शाळेत पुन्हा संगणकाला हात लावला नाही.

१९९५ साली विंडोज ९५ आलं. चित्रावर क्लिक करा. चुकून पुसलं तर रिसायकल बिनमधून परत घ्या. ‘हा पोरखेळ!’ असं मी म्हणायचो.

या मेळाव्यासाठी सगळ्यांत जास्त जुने फोटो त्याच मैत्रिणीने मोबाइलवरून पाठवले. छपाईसाठी फायलींची नावं एकसारखी हवी होती. ‘जेपीईजी’चं ‘जेपीजी’ मी ‘रेन’ या एकाच आज्ञेने केलं. शेकडो फायली, एक ओळ! आज्ञेची ताकद आजही तेवढीच आहे. पण बोटाखालची ती छोटी चित्रं नसती, तर नावं बदलायला फोटोच आले नसते.

तेव्हा कमी तू पडली नव्हतीस. त्या हसण्याबद्दल आज सर्वांसमोर तुझी माफी मागतो.