पालांवरील कुटुंबे आणि गावाचे दप्तर

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



आदिवासी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली उभे राहतात. सातारा-सांगलीचे नाव निघाले की सहकार आणि ऊस आठवतो. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे एक टक्का होते, तर सांगलीत त्याहूनही कमी. त्यामुळे आदिवासी उपयोजनेचे क्षेत्र येथे नाही. परंतु संख्या अल्प असली म्हणून गरज अल्प ठरत नाही. सह्याद्रीच्या अंगाला राहणारा कातकरी, माळावर पाल ठोकून राहणारा फासेपारधी आणि त्यांच्याच वाटेने चालणारे कैकाडी, वडार, रामोशी, डोंबारी, गोपाळ हे आपल्याच गावशिवेवरचे लोक आहेत. त्यांच्यापर्यंत शासनाच्या सेवा का पोचत नाहीत, एवढाच आजचा विषय आहे.

१८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना निवारा व नोकरी दिली. देशभरातून हा कायदा गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. कायदा गेला, पण संशय राहिला. आजही गावात चोरी झाली की अनेकदा प्रथम नजर वळते ती पालाकडे.

दुसरीकडे पोटाची साधने एकेक करून सुटत गेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली. वनरक्षणासाठी ते आवश्यक होते. परंतु पारध्याच्या हाती दुसरे काम कोणी दिले नाही. कैकाड्याच्या टोपलीची जागा प्लास्टिकने घेतली आणि वडाराच्या हातोड्याची जागा यंत्राने. रिकाम्या हाताने पुढे केलेली झोळी १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरली.

योजना नाहीत असे नाही. आश्रमशाळा आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, घरकुले आहेत. परंतु या प्रत्येक योजनेच्या दाराशी एक कागद मागितला जातो. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्या आजोबांनी त्या वर्षी दहा गावांत मुक्काम केला, त्यांचा पुरावा कोणत्या गावच्या दप्तरात सापडणार? ज्यांना कायद्याने आणि रूढीने एका जागी टिकू दिले नाही, त्यांच्याकडेच टिकून राहिल्याचा पुरावा मागावा, ही विसंगती आहे. लेखी पुरावा नसेल तेथे गृहचौकशीचा मार्ग आहे; तो अपवाद न मानता प्रत्यक्षात वापरला पाहिजे.

शिक्षक बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतो, राजपारधी विमुक्त जातीत. कैकाडी विदर्भाच्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहे, आपल्याकडे विमुक्त जातीत. शाळेच्या जनरल रजिस्टरात घाईने लिहिलेला एक शब्द पुढे दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलीची वाट अडवतो. त्या रकान्यात लिहिण्यापूर्वी पालकांशी दोन वाक्ये बोलावीत.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलालाही परत पाठवता येत नाही, आणि त्याला वयानुरूप वर्गात बसवावे लागते. जन्माची नोंद वर्षानंतरही दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होऊ शकते. बेघर माणसाचे नाव मतदारयादीत येऊ शकते. त्यासाठी अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो तेथे झोपतो याची खात्री करावयाची असते. अंगणवाडीचा आहार आणि बाळाची लस यांना तर जातीचा दाखला लागतच नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील पालांची एक नोंदवही ठेवावी. कुटुंबप्रमुख, मुलांची नावे व वये, कधी आले, कोठून आले, कोठे गेले, एवढे त्यात असावे. आरोग्यसेविका, अंगणवाडीसेविका आणि शिक्षक यांनी महिन्यातून एकदा एकत्र पालावर जावे. कुटुंब पुढच्या गावी निघाले की नोंदीची सहीनिशी प्रत त्यांच्या हाती द्यावी. मात्र ही वही सेवेसाठी आहे, पाळतीसाठी नाही. तिला जुन्या हजेरीचे रूप येऊ देता कामा नये. त्यासाठी ती ग्रामसभेच्या देखरेखीखाली राहावी आणि पालावरच्या माणसाला स्वतःची नोंद वाचून घेता यावी.

याच भूमीत कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली ठेवणारे वसतिगृह उघडले. मुलाला आधी आत घेतले पाहिजे, ही त्या कार्याची शिकवण आहे. आज गावाच्या दप्तरात पालावरच्या मुलाचे नाव लिहिले, तर उद्या त्याच्या मुलाला वास्तव्याचा पुरावा शोधत दारोदार फिरावे लागणार नाही. हे काम नव्या निधीवाचून अडत नाही. आपण ते करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.