मांडीला बांधलेला पट्टा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला, "तू सॉफ्टवेअरवाली, एआयवर बोल." ते आता घरोघरची मुलंच आपल्याला शिकवतात. मी मांडीच्या स्नायूंवर बोलणार आहे. मघाशी सत्काराला उठताना बाईंना खुर्चीच्या हातांवर रेटा द्यावा लागला. आणि खरं सांगू का, आपल्या रांगेतल्याही दोघातिघांना द्यावा लागला. मी पाहत होते.

माझी आई ७४ वर्षांची. दोन्ही गुडघे झिजलेले. दुखतं म्हणून चालणं कमी, चालणं कमी म्हणून मांड्या बारीक, आणि मांडीत जोर नाही म्हणून गुडघ्यावर आणखी भार. मागच्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, पण तिला जमिनीवरून उठताच येईना. मी ऑफिसमधून येईपर्यंत ती तिथेच बसून होती. किती वेळ, ते तिने आजवर सांगितलेलं नाही.

स्नायू वाढवायचे तर वजन उचलायला हवं, आणि तेही बऱ्यापैकी. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येतं, त्याच्या साधारण ६० ते ७० टक्के. आईच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. तेव्हा फिजिओथेरपिस्टने मांडीला पट्टा बांधून करायच्या व्यायामाचं नाव काढलं.

ही कल्पना जपानची. १९६६ मध्ये योशिआकी सातो नावाचा तरुण एका बौद्ध श्राद्धविधीला गुडघे मोडून बराच वेळ बसला होता. आपण प्रार्थनेला सतरंजीवर बसायचो आणि पायाला मुंग्या यायच्या, तसंच. त्याच्या पोटऱ्या तटतटल्या, आणि त्याला वाटलं की हे तर भरपूर व्यायाम केल्यावर होतं तसं दुखतंय. मुंग्या आपल्यालाही आल्या. आपण फक्त पाय झटकले. सातोने पुढे कित्येक वर्षं स्वतःवर प्रयोग केले आणि त्यातून 'काआत्सू' ही पद्धत निघाली.

मांडीच्या अगदी वरच्या भागाला हवेचा पट्टा बांधतात, बीपी मोजायला दंडाला बांधतात तसा. दाब इतकाच की धमनीतून रक्त कमी प्रमाणात का होईना येत राहतं, पण शिरेतून परत जाताना अडतं. स्नायूला प्राणवायू कमी पडतो, टाकाऊ द्रव्यं साचतात. मग एरवी जड वजनालाच कामाला लागणारे जोरकस तंतू हलक्या वजनालाही जागे होतात. वय वाढतं तसे हेच तंतू आधी झिजतात. त्यामुळे २० ते ३० टक्के वजन पुरतं. आधी ३० वेळा, मग १५-१५ च्या तीन फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. ऐकायला सोपं आहे. तिसऱ्या फेरीत मांडी पेटते.

आता माझा शहाणपणा ऐका. फिजिओथेरपिस्टकडची दुसरी वेळ पुढच्या आठवड्यात होती. मला धीर कुठला! ऑनलाइन दोन इलॅस्टिकचे अरुंद पट्टे मागवले आणि आईला आवळून बांधले. आई गप्प, कारण मुलगी इंजिनिअर, तिला कळत असणार. पाय जांभळट दिसायला लागला तेव्हा मी विचारलं. म्हणाली, "मघापासून बधिर झालाय गं." वळ दोन दिवस राहिले. त्यावर मी जे बोलणं खाल्लं, ते आपल्या गणिताच्या सरांच्या तोडीचं होतं.

चूक माझ्याच धंद्यातली होती: आकडा न मोजता ठरवला. प्रत्येकाचा दाब वेगळा असतो. मांडीचा घेर, रक्तदाब, पट्ट्याची रुंदी, सगळ्यावर तो ठरतो. पट्टा रुंद असेल तर कमी दाब पुरतो. फिजिओथेरपिस्टने घोट्याजवळ डॉपलर लावला, पट्ट्यात हवा भरत नेली आणि नाडीचा आवाज बंद झाला तो आकडा टिपला. व्यायामाला त्याच्या ४० ते ८० टक्के दाब वापरतात; आईला निम्मा दिला. त्याआधी डॉक्टरांनी बीपी पाहिलं, औषधं पाहिली आणि पायात पूर्वी रक्ताची गाठ झाली होती का ते विचारलं. गाठीचा इतिहास, आटोक्यात नसलेलं बीपी, पायाच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्यांनी याच्या वाटेला परस्पर जाऊच नये. मधुमेहाने पाय बधिर असेल तर जास्तच जपायचं, कारण आवळलेलं कळणारच नाही.

आणि हा चमत्कारही नाही. स्नायूंचा आकार जड व्यायामाइतका वाढू शकतो, पण ताकद जड वजनानेच जास्त वाढते. ज्याला वजन झेपतं त्याने पट्टा कशाला बांधायचा? माझ्या मते हा मधला पूल आहे, दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी किंवा ऑपरेशननंतरच्या दिवसांसाठी. आईचाही पट्टा तीन महिन्यांनी सुटला. आता ती पायाला वजन बांधून व्यायाम करते, आठवड्यातून तीनदा, मालिका बघत.

एक चाचणी सांगते. हात छातीशी घडी करून खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ७० ते ७४ वयाच्या बाईला १० च्या खाली आले तर कमी समजतात, त्याच वयाच्या पुरुषाला १२ च्या खाली. आई पहिल्यांदा ४ वर थांबली होती. गेल्या रविवारी ११ झाले, आणि बारावं अर्धं झालं ते मोज म्हणून माझ्याशी भांडली.

जेवणानंतर त्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून एक खुर्ची ठेवते. घड्याळ माझ्याकडे आहे. सर, बाई, तुम्ही नुसतं बघायला या. आधी आपल्या बॅचचा नंबर.