तयार संगणकाची खरी ताकद

नांदेडहून लातूरला एस.टी.ने जायचे म्हणजे लोहा, अहमदपूर, चाकूर अशी वाट. रस्ता मोकळा असला तरी गाडी एका ठरावीक वेगापुढे जात नाही. चालकाने पाय कितीही दाबला तरी नाही. तिच्या इंजिनाला वेग अडवणारे एक यंत्र जोडलेले असते. 2023 च्या एप्रिलात अशाच गाडीतून मी धाकट्या बहिणीकडे निघालो होतो आणि ज्या कामासाठी निघालो होतो तेही नेमके असेच निघाले, हे मला तिथे गेल्यावर कळले.

माझा भाचा लातूरला लग्नाच्या चित्रफिती जोडून देतो. त्या वर्षी त्याने एका नामांकित कंपनीचा तयार संगणक घेतला. सडपातळ, देखणा डबा. आत इंटेलचा आय-सेव्हन 12700 हा प्रोसेसर. पैसे कमी पडले तेव्हा बहिणीने पाटल्या गहाण ठेवल्या. आणि यंत्र काही धावेना! एका मित्राकडे हाच प्रोसेसर घालून सुटे भाग जोडलेला संगणक होता. तोच लग्नसोहळा त्याच्याकडे लवकर तयार व्हायचा, याच्याकडे गिऱ्हाईक दारात उभे. "मामा, मलाच काही जमत नाही का, बघा की," असे तो फोनवर म्हणाला. मी काही यंत्रशास्त्राचा माणूस नव्हे, वर्गात अर्थशास्त्र शिकवतो. पण मोजल्याशिवाय बोलायचे नाही, एवढी सवय त्या विषयाने लावलेली आहे.

आता प्रोसेसरच्या वेगाचे गणित पाहू. 12700 च्या जाहिरातीत 4.9 गिगाहर्ट्झ हा आकडा असतो. तो एखाददुसऱ्या कोअरचा, आणि परिस्थिती अनुकूल असेल तेव्हाचा. बाराही कोअर एकदम राबू लागले की वेग किती राहील, हे वीज किती मिळते यावर ठरते. इंटेलच्या कागदावर या प्रोसेसरचे दोन आकडे आहेत: पायाभूत 65 वॅट आणि कमाल 180 वॅट. संगणकात त्यासाठी दोन मर्यादा लिहून ठेवलेल्या असतात. पीएल-टू ही थोड्या वेळची, पीएल-वन ही कायमची. जड काम सुरू झाले की प्रोसेसर आधी वरची मर्यादा वापरतो. साधारण अर्धे मिनिट झाले की खालच्या मर्यादेवर येतो. या मर्यादा किती ठेवायच्या हे संगणक बांधणारी कंपनी ठरवते. सुटे मदरबोर्ड विकणारे पुष्कळदा ही कायमची मर्यादा सैल सोडतात. छोट्या डब्यात मात्र पंखा लहान, वीजपुरवठ्याची पेटी लहान, म्हणून तिथे ती घट्ट असते. एएमडीच्या प्रोसेसरांतही अशीच सोय आहे. तिथे 65 वॅटच्या म्हणवणाऱ्या डेस्कटॉप रायझनला प्रत्यक्षात 88 वॅटपर्यंत घेऊ देतात.

तपासणी अगदी सोपी आहे. एचडब्ल्यूइन्फो नावाचा कार्यक्रम घरगुती वापरासाठी फुकट मिळतो. तो उघडून फक्त सेन्सर दाखवायला सांगावे. दुसरीकडे सिनेबेंच हा कार्यक्रम सर्व कोअरवर दहा मिनिटे चालवावा. एका मिनिटात उरकू नये, नाहीतर पहिल्या अर्ध्या मिनिटाचा दिमाख पाहूनच आपण खूश होऊन उठतो! त्याआधी विंडोजमधील वीज-बचतीची निवड आणि कंपनीने स्वतःचा 'शांत' किंवा 'थंड' असा काही पर्याय दिला असेल तर तो पाहून घ्यावा. कधी कधी सारा घोळ तिथेच असतो.

आम्ही दुपारी दोनला बसलो. बाहेर ऊन असे की मला आधी शंका उष्णतेचीच आली. पॅकेज पॉवरचा आकडा 120 वॅटला गेला, वेग साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपास, तापमान 88 अंश. भाच्याचा चेहरा उजळला. मग घड्याळात अर्धे मिनिट होते न होते तोच आकडा धाडकन 65 वर आला आणि तिथे जणू खिळा मारल्यासारखा थांबला. वेग सव्वातीनवर. तापमान? ते उलट 68 अंशांवर उतरले.

इथेच सगळा निवाडा आहे. उष्णतेने प्रोसेसर अडला असता तर तापमान शंभराजवळ टेकून राहिले असते आणि वॅट वर-खाली झाले असते. इथे तापमान खाली, वॅट मात्र एका आकड्यावर स्थिर. म्हणजे अडथळा उन्हाचा नव्हता, धुळीचा नव्हता, पोराच्या हाताचा तर नव्हताच. त्याच कार्यक्रमात मर्यादेची कारणे दाखवणाऱ्या ओळी असतात. त्यांत पीएल-वनपुढे 'होय' आणि उष्णतेपुढे 'नाही' असे स्पष्ट आले.

बायोसमध्ये ही मर्यादा बदलायची सोय दिसली नाही. थ्रॉटलस्टॉप नावाच्या कार्यक्रमातून काही यंत्रांवर ती वाढवता येते. इथे कुलूप होते. कुलूप नसते तरी त्या लहानशा वीजपेटीवर जास्त भार टाकायला मी भाच्याला सांगितले नसते.

दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "सर, कंपनीच्या कागदावर 65 वॅटच लिहिलंय." खोटे नव्हते. पायाभूत आकडा तोच आहे, त्यामुळे फसवणूक म्हणून भांडायला जागा नाही. माझी तक्रार वेगळी आहे: खोक्यावर 4.9 ठळक छापायचे आणि दहा मिनिटांनंतरचा वेग कुठेच छापायचा नाही, हे मला सचोटीचे वाटत नाही. विकत घेण्यापूर्वी कायमची मर्यादा किती वॅट आहे हे विचारावे, आणि दुकानात दहा मिनिटे यंत्र राबवून पाहू द्या म्हणावे. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्यावा.

संगणक परत झाला नाही. पण याच प्रोसेसरच्या पोटात चित्रफिती आवळण्याचा एक वेगळा विभाग असतो, क्विक सिंक नावाचा. भाचा तो वापरतच नव्हता. तो सुरू केल्यावर वेळ बराच वाचला. फार बारीक प्रतीचे काम मात्र तो अजूनही रात्री लावून झोपतो. जो केवळ पत्रे लिहितो, हिशेब ठेवतो, त्याला ही मर्यादा जन्मात जाणवणार नाही, हेही सांगायला हवे.

निघताना बहिणीने विचारले, "दादा, मग खालचा आय-फाइव्ह घेतला असता तर चाललं असतं का रे?" मी तिला खरे तेच सांगितले. बारा कोअर हळू चालले तरी तेवढ्याच विजेत सहा कोअरपेक्षा जास्त काम उरकतात, तेव्हा पैसा अगदीच पाण्यात गेला नाही. पण जेवढ्या फरकासाठी पाटल्या ठेवल्या, तेवढा फरक हातात आला नाही. ती काही बोलली नाही. भाच्याने मात्र त्या दिवसाचे आकडे वहीत लिहून घेतले. गल्लीतले दुसरे दोघे फोटोवाले संगणक घ्यायच्या विचारात होते, त्यांना ते दाखवायचे होते.