मानवी प्रतिष्ठा आणि कुष्ठमुक्त माणूस

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य आणि समानता यांच्यानंतर बंधुतेचा उल्लेख येतो आणि व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे आश्वासन या बंधुतेशी जोडलेले आहे. ही रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. न्याय न्यायालयाकडे मागता येतो. स्वातंत्र्यावर घाला आला तर कायद्याचा आश्रय घेता येतो. समानतेसाठी शासनाला जाब विचारता येतो. प्रतिष्ठा मात्र बहुतांशी शेजाऱ्याच्या वागणुकीतून लाभते आणि त्याच वागणुकीतून हिरावली जाते. कायदा माणसाला सार्वजनिक विहिरीपर्यंत नेऊ शकतो. परंतु त्याच्या हातचे पाणी दुसऱ्याने आनंदाने प्यावे, हे कायद्याला साधत नाही.

या विधानाची कसोटी पाहावयाची तर कुष्ठरोगाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. येथे विज्ञानाने आपले काम पुष्कळसे पुरे केले आहे, कायद्यानेही उशिरा का होईना काही पावले टाकली आहेत. उरले आहे ते समाजाचे काम.

रोग आणि कलंक

कुष्ठरोग हा पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, ही समजूत शतकानुशतके दृढ होती. १८७३ मध्ये नॉर्वेमधील डॉ. हॅन्सन यांनी या रोगाचे जंतू शोधून काढले आणि या समजुतीचा शास्त्रीय पाया कायमचा नाहीसा झाला. हा रोग प्रामुख्याने त्वचा व मज्जातंतू यांना ग्रासतो. मज्जातंतू निकामी झाले की त्या भागातील संवेदना जाते. चटका बसला तरी कळत नाही, काटा रुतला तरी दुखत नाही. दुर्लक्षित जखमा चिघळतात, स्नायू दुर्बल होतात आणि हातापायांत विकृती येते. म्हणजे लोक ज्या विकृतीला भितात, ती वेळेवर उपचार न झाल्याचा परिणाम होय. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या रोगाचा प्रतिकार करण्याची नैसर्गिक शक्ती असते, हेही आता सिद्ध झाले आहे.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने औषधे घेतली की रुग्ण बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर त्याच्यापासून संसर्गाचा धोका लवकरच संपतो. ही औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. डिसेंबर २००५ मध्ये देशातील रुग्णांचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून खाली आले. तथापि, जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण आजही भारतात आढळतात.

औषध विनामूल्य असताना रुग्ण उशिरा का येतो? त्याला रोगापेक्षा लोकांच्या नजरेचे भय अधिक वाटते, हे याचे एक मोठे कारण आहे. अंगावरचा बधिर चट्टा तो झाकून ठेवतो, कारण तो उघड झाला तर बहिणीचे लग्न मोडेल, ताट वेगळे होईल, शेताच्या बांधावर खोपटे बांधून राहावे लागेल, ही धास्ती त्याच्या मनात असते. चट्टा झाकला की उपचार लांबतो, उपचार लांबला की विकृती येते आणि विकृती पाहून समाजाचे भय आणखी वाढते. अवहेलना हा रोगाचा परिणाम आहेच. शिवाय ती रोग वाढविणारे कारणही आहे. हे दुष्टचक्र केवळ गोळ्यांनी तुटणारे नाही.

कायद्याच्या पुस्तकातील अवहेलना

ही अवहेलना केवळ रूढीत नव्हती. ती कायद्यातही लिहिली गेली होती. १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरुग्णाला वॉरंटाशिवाय पकडून आश्रयगृहात डांबण्याचा अधिकार दिला होता. सार्वजनिक विहिरीवरून पाणी घेण्यासारख्या साध्या गोष्टीलाही त्यात मनाई करता येत असे. पुढे प्रभावी औषधे आली, देश स्वतंत्र झाला, संविधान अमलात आले; तरी हा केंद्रीय कायदा २०१६ पर्यंत अस्तित्वात होता. पती वा पत्नीचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी वैयक्तिक कायद्यांतून वगळण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

लोकप्रतिनिधींनी तर एक प्रसंग विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. ओडिशात नगरपरिषदेवर निवडून आलेला एक सदस्य कुष्ठरोगाच्या कारणावरून अपात्र ठरला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या शब्दाप्रमाणे ती अपात्रता कायम ठेवली. मात्र वैद्यकीय प्रगती लक्षात घेऊन अशा तरतुदींचा विधिमंडळाने फेरविचार करावा, असेही सुचविले. मतदारांनी दिलेला विश्वास एका जुन्या शब्दापुढे निष्प्रभ ठरला. जुने नियम व जुने अर्जांचे नमुने हाताळणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला यातून घेण्यासारखा बोध आहे.

दया की सन्मान?

महाराष्ट्राच्या भूमीत या प्रश्नाचे उत्तर कृतीने शोधणारी माणसे होऊन गेली. मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे सेवाकार्य सुरू केले. सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोगाने ग्रस्त झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले व स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीस तपोवन उभारले. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन वसविले. तेथे रुग्णांनी ओसाड जमीन लागवडीखाली आणली, विहिरी खोदल्या, उद्योग उभारले. भिक्षेसाठी पसरणारा हात निर्माणही करू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

या कार्याचा गौरव करताना एक नैतिक प्रश्न मात्र नजरेआड होऊ नये. श्रमाने प्रतिष्ठा परत मिळते, हे खरे. परंतु ज्याची बोटे झडली आहेत, दृष्टी गेली आहे, ज्याच्याने आता काहीच काम होत नाही, त्याची प्रतिष्ठा कशावर उभी राहावी? प्रतिष्ठा ही उपयुक्ततेची मजुरी मानली, तर वृद्ध, अपंग आणि अंथरुणाला खिळलेला माणूस यांच्या वाट्याला केवळ दया उरेल. दया वरून खाली येते आणि देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. सन्मान समपातळीवरून दिला जातो. श्रमाची संधी हा माणसाचा हक्क होय. ती त्याच्या माणुसकीची परीक्षा नव्हे.

गावाचे कर्तव्य

गांधीजींच्या पुण्यतिथीला, ३० जानेवारीस, देशात कुष्ठरोग निवारण दिन पाळला जातो. २०१७ पासून ‘स्पर्श’ मोहिमेत या दिवशी ग्रामसभांमधून भेदभावविरोधी आवाहन वाचले जाते. वाचन आवश्यकच आहे. पण आवाहन वाचून झाल्यावर सभेत चहा फिरतो, तेव्हा कुष्ठमुक्त गावकऱ्यालाही त्याच किटलीतला चहा त्याच पेल्यांतून मिळतो काय, हा खरा प्रश्न आहे.

शब्दांचीही शुद्धी व्हावी लागेल. क्षयातून बऱ्या झालेल्या माणसाला कोणी जन्मभर क्षयरोगी म्हणत नाही. मग कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस मरेपर्यंत ‘महारोगी’ का राहावा? शिक्षकाने बधिर चट्ट्याची माहिती सर्व मुलांना सारख्याच सहजतेने द्यावी आणि एखाद्या मुलाबद्दल शंका आली तर त्याचे नाव वर्गात न उच्चारता पालकांना आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. ग्रामसेवकाने व सदस्यांनी दाखला, शिधापत्रिका, घरकुल यांसाठी आलेल्या कुष्ठमुक्त व्यक्तीला दाराबाहेर उभे न ठेवता खुर्ची द्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश आहे. त्यानुसार देय असलेल्या सवलती तिला मागावयास लावण्यापूर्वी समजावून सांगाव्यात.

या गोष्टींना मोठा निधी लागत नाही, नव्या योजनेची प्रतीक्षाही करावी लागत नाही. उद्देशिकेने प्रतिष्ठेचे आश्वासन बंधुतेच्या हाती सोपविले आहे. गावात ते पाळावयाचे असेल, तर त्याचा प्रारंभ पंचायतीच्या ओट्यावर, शाळेच्या वर्गात आणि कचेरीच्या खिडकीपाशीच व्हावयास हवा.