फोन आपला, किल्ली कोणाची?

(नांदुरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मागच्या महिन्यात मी माझा मोबाइल घेऊन गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. फोन पाच वर्षांचा, काच शाबूत, बॅटरीही ठीक. परंतु उत्पादक कंपनीने त्याच्या प्रणालीत सुधारणा पाठविणे बंद केले होते आणि एकेक ॲप उघडेनासे झाले होते. दुकानातला तरुण म्हणाला, "सर, यात दुसरी प्रणाली घालता येते. पण आधी कंपनीचे कुलूप काढावे लागते, आणि तो गुन्हा आहे म्हणतात."

हे 'म्हणतात' कोण, याचा शोध घ्यावा असे मला वाटले.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ घालण्यात आले. तांत्रिक कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड, अशी त्यात तरतूद आहे. तेवढेच वाचून माणूस घाबरतो. पण त्याच कलमात एक अट आहे: कुलूप मोडण्यामागे कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू असला पाहिजे. शिवाय, या कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी कुलूप काढण्यास आडकाठी नाही, असेही पुढे म्हटले आहे. आपल्या फोनमध्ये खुल्या परवान्याची प्रणाली घालणाऱ्याने कोणाची कृती चोरली? कायदेशीर ताब्यातील आज्ञावलीचा अन्य आज्ञावलींशी मेळ घालण्यासाठी जी माहिती सहज मिळत नाही, ती मिळविण्याची मुभा तर कलम ५२ आधीपासूनच देते. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यामुळे अशा गोष्टींसाठी दर तीन वर्षांनी राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ग्रंथपालाकडून सूट मिळवावी लागते. भांडवलशाहीच्या माहेरघरापेक्षा आपला कायदा येथे अधिक शहाणा निघाला, हे नमूद केले पाहिजे.

मग भीती आली कोठून? एक धागा हैदराबादेकडे जातो. रिलायन्सने तीन वर्षांच्या कराराने सवलतीत दिलेले हँडसेट टाटा इंडिकॉमच्या सेवेवर चालतील असे बदलून दिल्याचा आरोप त्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर होता. २००५ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने दंडसंहितेखालील आरोप रद्द केले, परंतु माहिती तंत्रज्ञान व कॉपीराइट कायद्यांखालील तपास चालू राहू दिला. तो दोन मोठ्या भांडवलदारांमधील ग्राहकांच्या पळवापळवीचा वाद होता आणि त्यात फोनचा ओळख-क्रमांकच बदलल्याचा आरोप होता. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या फोनच्या मालकाला तो निर्णय जसाच्या तसा लावणे बरोबर नाही.

ओळख-क्रमांकाविषयी मात्र मी कोणतीही सूट मागणार नाही. आयएमईआय बदलणे २०१७ च्या नियमांनी निषिद्ध केले आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही अशा छेडछाडीस तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. चोरीच्या फोनचा माग त्याच क्रमांकावरून लागतो. दुरुस्तीवाल्यांनी त्याला हात लावू नये. कुलूप काढल्यावर बँकांची काही ॲप चालत नाहीत, हेही गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

तेव्हा अडचण फौजदारी कायद्याची नाही, मालकीची आहे. आपण विदर्भातले लोक. १९५८ च्या कूळकायद्याने येथे कसणाऱ्याला मालक होण्याची वाट मोकळी केली. कूळ खंड भरी, म्हणून ते मालक नव्हते. मोबाइलचा ग्राहक खंड देत नाही, पुरी किंमत देतो, पावती त्याच्या नावाची असते, तरीही त्यात काय चालावे हे विकणाराच ठरवितो. कुळाला निदान काय पेरावे हे पुष्कळदा स्वतः ठरविता येई! आणि या व्यवस्थेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. दरवर्षी नवा फोन घेणाऱ्याला कुलपाची जाणीवही होत नसेल. जुना फोन दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेणाऱ्या मजुराच्या मुलाला ती होते.

सरकारने काही केले नाही असे नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने ही तिची क्षेत्रे. डिसेंबरात पोर्टलही निघाले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. त्याच वर्षी स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि आधीच भरलेली गूगलची ॲप काढून टाकण्याची मुभा ग्राहकाला द्यावी, असा आदेश दिला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हा आदेश मात्र रद्द केला. दंड तिजोरीत जातो. ग्राहकाच्या हाती आदेशातूनच काही पडले असते.

आपली मागणी साधी असावी. उत्पादकाने सुधारणा थांबविल्या, की त्या दिवसापासून कुलपाची किल्ली मागेल त्या मालकास विनामूल्य द्यावी, आणि तसे कायद्याने लिहून ठेवावे. ज्या यंत्राची काळजी घेणे कंपनीने सोडले, त्याची किल्ली ती कोणत्या हक्काने ठेवते?

कलम ६५-अ मी त्या तरुणाला मराठीत लिहून नेऊन दिले. त्याने ते काउंटरच्या काचेखाली ठेवले आहे. कंपनीला किल्लीसाठी दोन पत्रे लिहिली, उत्तर नाही. फोन अजून त्याच्याच दुकानात पडून आहे.